मॉलीला मी हाड म्हटलं

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घराचं मागचं दार काचेचं होतं. आईने पहिल्याच आठवड्यात जुन्या साडीचा पडदा शिवून त्याला लावला, कारण उठल्यासुटल्या समोर तळं दिसायचं आणि तिचा जीव घाबरायचा. तळं म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. घरं बांधताना पावसाचं पाणी साठायला बिल्डरने खणलेला तो एक रुंद खड्डा, आणि आठ-दहा घरांची मागची अंगणं त्याच्या काठाला येऊन थांबायची. पण हिवाळ्यात ते गोठायचं, आणि गोठलं की आवाज करायचं. दिवेलागणीला थंडी वाढली की आधी लांबवर कोणीतरी पत्रा ओढल्यासारखं व्हायचं, मग एकदम खालून 'ढुम्म'. आई पोळ्या लाटता लाटता थांबायची. "ऐकलंस? काहीतरी आहे बाई त्यात." बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "अगं, बर्फ प्रसरण पावतो." त्यावर आई, "मग पावू दे की गुपचूप. बोंबलतो कशाला?"

साताऱ्याहून आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि ही हकिकत घडली तेव्हा पंधरा. बाबा पहाटे उठून स्टेशनवर जायचे आणि गाडीने शिकागोला ऑफिसात. मी शाळेत. आई दिवसभर एकटी घरात, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर ऐकत. तिचा सगळा जीव स्वयंपाकघरात. फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागायचा, म्हणून मोहरी तडतडायच्या आधी मी खुर्चीवर चढून त्याच्यापुढे टॉवेल हलवत उभी राहायचे, हे माझं रोजचं काम. वरण-भात, शेंगदाण्याची चटणी, फ्रोझन मटारची उसळ. घरात शिरताच जो वास यायचा त्यात मला हायसं वाटायचं, आणि तोच वास माझ्या कोटाला लागून शाळेत येतो म्हणून मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं. लाज वाटून घेण्याच्या बाबतीत मी लहानपणापासून हुशार होते. फक्त कशाची वाटून घ्यायची ते कळायला फार उशीर लागला.

शेजारी मिस्टर नोवाक. सत्तरीचे, बायको गेलेली, मुलगा लांब आयोवात शेतावर. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, हात केवढाले. त्यांच्याकडे मॉली नावाची कुत्री होती. मधाच्या रंगाची, लांब केसांच्या कानांची, कुठल्या जातीची ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. आईला कुत्रा घराच्या आसपास नको असायचा. तरी उरलेली पोळी मागच्या पायरीवर ठेवायची आणि मॉली खायला लागली की काचेआडून म्हणायची, "खा बाई, खा, पण आत येऊ नकोस." त्या डिसेंबरात मिस्टर नोवाक आपल्याच घरासमोरच्या ड्राइव्हवेवर घसरून पडले आणि त्यांच्या कंबरेला मार बसला. डॉक्टरांनी चालायला बंदी केली. बाबा भेटायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "मी सांगून टाकलं त्यांना, आमची वैजू फिरवेल की कुत्रीला." मला विचारलंसुद्धा नाही. आईने फक्त एवढंच बजावलं, की आल्या आल्या हातपाय धुवायचे आणि मगच कशाला हात लावायचा.

मिस्टर नोवाकांनी मात्र कुत्री अशीतशी हातात दिली नाही. एका रविवारी मागच्या लाकडी डेकवर ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसले आणि दोन तास माझी शिकवणी घेतली. पहिला नियम, थंडी सुरू झाल्यापासून ते शेवटचा बर्फ जाईपर्यंत, जिथून तळं दिसतंय तिथे तिच्या पट्ट्याला अडकवलेली दोरी, म्हणजे लीश, काढायची नाही. घट्ट धरायची, मनगटाला एक वेढा. बर्फावर स्नो पडला की खालचा बर्फ जाड की पातळ हे देवालाही कळत नाही, म्हणून 'काल इथून गेलो होतो' असलं काही मनात आणायचं नाही. रस्त्याचं पाणी आणणारा पाइप जिथे तळ्यात उतरतो तिथलं पाणी वाहतं असतं, तिथे बर्फ कधीच धरत नाही. आणि कुत्रं पाण्यात पडलंच तर त्याच्या मागे जायचं नाही. "माणसं कुत्र्याला वाचवायला जातात," ते म्हणाले, "आणि पुष्कळदा कुत्रं आपलं आपण बाहेर येतं. माणूस राहतो." काठावर उभं राहायचं, हाक मारायची, ज्या बाजूने ते आलं त्याच बाजूला वळवायचं, कारण तिथल्या बर्फाने त्याचं वजन पेललेलं असतं. आधी फायर ब्रिगेडला फोन. त्यांच्या अंगणाच्या टोकाला एक खांब होता, त्याला लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला दुधाचा रिकामा प्लॅस्टिक कॅन, आत थोडी वाळू, म्हणजे फेकला की लांब जातो. तो मला त्यांनी वीस वेळा फेकायला लावला. डेकखाली ॲल्युमिनियमची शिडी आडवी ठेवलेली असायची, बर्फावर सरकवायला. रेल्वेवाला माणूस, सगळं जिथल्या तिथे. त्यांच्या गळ्यात एक शिटी असायची. तीनदा वाजवली की मॉली असेल तिथून धावत यायची, कधी म्हणून चुकली नाही.

मला हे काम आवडायला लागलं, आणि आवडतंय हे मी घरी कोणाला कळू दिलं नाही. शाळेत माझ्याशी धड कोणी बोलत नव्हतं. मॉली माझं शाळेतलं सगळं ऐकून घ्यायची, तेही मराठीतून. तिच्या पंज्यांच्या बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकायचे आणि ती लंगडायची. मिस्टर नोवाक व्हॅसलीन लावायचे. आईला कळल्यावर ती म्हणाली, "व्हॅसलीन कसलं लावतात, खोबरेल लाव," आणि थिजलेल्या खोबरेलाची एक जुनी बाटली माझ्या हातात दिली. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पाय चरचरतात म्हणून फिरून आलं की कोमट पाण्याने तिचे चारही पाय धुवायचे, पुसायचे, मग खोबरेल. गाडी आली की रस्त्याच्या कडेला आपल्या पायाशी बसायचं हे तिला शिकवलेलंच होतं. मी थांबले की ती बुटाला टेकून बसायची आणि तिची ऊब पायाला लागायची. आज मी साठीकडे आले तरी पायाला ती ऊब आठवते.

आता साठेकाकूंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागातल्या मराठी घरांत त्या सगळ्यांत जुन्या. कोणाला नोकरी लावून दे, कोणाच्या बाळंतपणाला धावून जा, कोणी नवीन आलं की गाडीत घालून किराणा दाखवायला ने, सगळं त्या करायच्या, आणि त्या बदल्यात बोलायचं ते बोलायच्या. दिवाळीच्या फराळाला कोणाच्या तरी मुलीचा विषय निघाला, ती म्हणे उन्हाळ्यात शेजाऱ्यांची कुत्री फिरवते. काकू म्हणाल्या, "एवढे समुद्र ओलांडून आलो ते काय लेकींनी पिशवी घेऊन गोऱ्यांच्या कुत्र्यांची घाण उचलायला?" सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने आई हसली. तिला तिथे अजून कोणी आपलं म्हणत नव्हतं, त्यामुळे ती हसायच्या जागी जरा जास्तच हसायची. ते मला स्पष्ट दिसलं होतं आणि मी ते मनात ठेवून दिलं. डिसेंबरात माझ्याही हातात ब्रेडची रिकामी पिशवी आली तेव्हा मी देवाला एकच मागत होते, की मराठी मंडळातलं कोणी आमच्या रस्त्याने जाऊ नये.

संक्रांतीचं हळदीकुंकू आईने त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या घरी ठेवलं. तिची तयारी दोन आठवडे चालली होती. गूळ आणायला बाबांना शिकागोतल्या इंडियन दुकानात दोनदा पिटाळलं. पाक चुकला, वड्या धरेनात, परत गूळ. बोरं मिळणं शक्यच नव्हतं, तर तिने क्रॅनबेरी आणल्या, एक चाखून तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "दिसायला तर दिसतात." वाण म्हणून सेलमधले झाकणाचे डबे. घरभर भाजलेल्या तिळाचा वास. हळदीकुंकू शनिवारी दुपारी तीनला. आईने तिच्या काळ्या रेशमी साडीचा परकर मला शिवला होता, तो घालायलाच लावला. अडीच वाजता मिस्टर नोवाकांचा फोन आला, मॉली दाराशी उभी आहे, दहा मिनिटं नेशील का? आई म्हणाली, "आत्ता?" मग म्हणाली, "जा, मुकं जनावर आहे. पण बायका यायच्या आत ये." मी परकरावर जाडजूड जॅकेट, खाली स्नोचे बूट अशी ध्यान होऊन निघाले.

मॉलीचं झालं. ब्रेडच्या पिशवीला मी गाठ मारली. आमच्याच घरासमोर पोचले होते आणि साठेकाकूंची लांबलचक स्टेशन वॅगन कोपऱ्यावर वळताना दिसली. वीस मिनिटं लवकर आल्या होत्या, आईला मदत करायला, त्यांच्या स्वभावाला धरून. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. हातांनीच केलं. पिशवी स्नोच्या ढिगात भिरकावली, मॉलीच्या गळ्यातून लीशची क्लिप काढली, लीश गोळा करून जॅकेटच्या खिशात कोंबली, आणि हसून हात हलवला. गाडी ड्राइव्हवेत थांबली. गाडी थांबली म्हणून मॉली शिकवल्याप्रमाणे माझ्या बुटाला टेकून बसली. काकू काळी चंद्रकळा सावरत उतरल्या. "अगं बाई, थंडीत काय करतेस बाहेर?"

"तुमचीच वाट बघत होते, काकू."

"गुणाची गं माझी! आणि हे कोणाचं कुत्रं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "असेल कोणाचं तरी."

"तुझ्याशी तर लाडात आलंय. हाकल बाई त्याला, साडीला लागेल." त्यांच्या हातात गुळपोळ्यांचा मोठा डबा होता. मॉलीला गुळाचा वास आला असणार. ती उठून शेपटी हलवत एक पाऊल पुढे आली. मी तिच्यासमोर पाय आपटला आणि ओरडले, "हाड! हाड!" साताऱ्याला गल्लीतल्या कुत्र्यांवर ओरडायचो तसं, पोटातून. तिला आयुष्यात कोणी हाड म्हटलं नव्हतं. शब्द कळला नाही तरी पाय कळला. दोन पावलं मागे गेली, माझ्याकडे बघितलं. ही गंमत आहे का ते ती बघत होती. मी परत पाय आपटला. मग ती आमच्या आणि मिस्टर नोवाकांच्या घरामधल्या फटीतून मागच्या बाजूला पळून गेली. काकूंनी डबा माझ्या हातात दिला. "आडवा धर, पोळ्या मोडतील." आणि मी तो आडवा धरून आत गेले.

मला वाटलं होतं ती आपल्या दाराशी जाऊन भुंकेल, मिस्टर नोवाक तिला आत घेतील आणि मी नंतर काहीतरी सांगेन. आत्ता लगेच जाते, डबा ठेवला की जाते, असं मनाशी म्हणत होते. पण काकूंच्या मागोमाग आणखी दोन गाड्या आल्या, जॅकेट काढून टाकलं, आईने गुलाबदाणी हातात दिली. कोणीतरी म्हणालं, "किती गोड दिसतेस गं परकरात!" आई मला बघून सुखावली होती. त्या घरात आल्यापासून मी तिला तशी बघितली नव्हती. मी गुलाबपाणी शिंपडत राहिले. किती वेळ? दहा मिनिटं, बारा. मी पुढे पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला आहे. तेवढ्यात मागून शिटी ऐकू आली. तीनदा. मग परत तीनदा.

मी आईचा पडदा बाजूला केला. मिस्टर नोवाक डेकवर काठी टेकून उभे होते, पायात घरातल्या सपाता. मॉली तळ्याच्या पलीकडच्या अंगाला बर्फावर होती. शिटी ऐकून तिने मान वर केली आणि निघाली, सरळ रेषेत, कान उडवत, मालकाकडे. त्या रेषेत पाइप होता. तो त्यांनाही त्याच क्षणी आठवला असावा, कारण त्यांनी शिटी तोंडातून काढली आणि हात वर करून ओरडायला लागले, 'स्टे, मॉली, स्टे.' ती गेली. आवाजही झाला नाही. होती आणि नव्हती, मग काळ्या पाण्यात तिचं डोकं वर आलं.

माझ्या मागे आठ-दहा बायका काचेला लागून उभ्या होत्या. आईला म्हटलं, फ्रिजवर फायर ब्रिगेडचा नंबर आहे, फोन कर, आणि पळाले. पळताना मागे आईचा आवाज ऐकला. एरवी फोनवर इंग्रजी बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. "डॉग इन वॉटर! ओल्ड मॅन ऑल्सो गोइंग! कम फास्ट!" मिस्टर नोवाक खरंच निघाले होते. काठी टाकून त्यांनी डेकखालची शिडी ओढून काढली होती. मी कॅन फेकला. त्या रविवारी वीस वेळा फेकला होता, पहिल्याच फेकीत तिच्या शेजारी पडला. पण कुत्रं दोरी कशी धरणार? ती पंजे बर्फाच्या कडेवर टाकत होती आणि कड तुटत होती. मी म्हटलं, मी जाते, मी हलकी आहे. ते माझ्यावर असे ओरडले की मी जागच्या जागी थांबले. "तू बर्फावर पाय ठेवायचा नाहीस! काय सांगितलं होतं तुला?" जे मला करू नकोस म्हणून दोन तास शिकवलं, तेच ते स्वतः करायला निघाले होते. तीच दोरी मागे ओढून कंबरेला बांधली, खांबाकडचं टोक सोडवून माझ्या हातात दिलं आणि त्या मोडक्या कंबरेनिशी शिडीवर पालथे पडून सरकायला लागले.

माझ्या एकटीच्याने ते ओढवले नसते. तेवढ्यात दोरी पाठीमागून कोणीतरी धरली. साठेकाकू होत्या. काळी चंद्रकळा कमरेला खोचलेली, बुटांत गुडघ्यापर्यंत स्नो, "धरा गं सगळ्या, बघता काय!" त्यांच्या मागे बाकीच्या. काळ्या साड्यांतल्या सगळ्या जणी त्या पांढऱ्या अंगणात रांगेने दोरी धरून उभ्या. मिस्टर नोवाकांनी मॉलीच्या गळ्यातला पट्टा पकडला आणि त्याच क्षणी त्यांच्याखालचा बर्फ गेला. छातीपर्यंत पाण्यात. त्यांनी पट्टा सोडला नाही. आम्ही ओढलं. काकू 'हां, हां, अजून' म्हणत होत्या, आणि त्यांच्या तळव्यांची सालं निघत होती. फायर ब्रिगेडची माणसं आली तेव्हा ते दोघे काठापासून चार-पाच हातांवर होते. पुढचं त्या माणसांनी केलं. मॉली जिवंत होती. तेही होते, पण ओठ निळे, आणि दात इतके वाजत होते की बोलता येत नव्हतं.

स्ट्रेचरवर ब्लँकेटं टाकत असताना त्यांनी मला जवळ बोलावलं. रागावून नाही. त्यांना फक्त कळायला हवं होतं. "ती सुटली कशी?"

सगळ्या भोवती उभ्या होत्या. आई होती. काकू होत्या, हाताला रुमाल गुंडाळून. मी म्हटलं, "क्लिप आपोआप निघाली. शी रॅन. मी पकडायला गेले पण..." काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं. त्यांनी मघाशी ते कुत्रं लीशशिवाय माझ्या बुटाशी बसलेलं बघितलं होतं, 'माहीत नाही' ऐकलं होतं, हाड ऐकलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत. परक्या माणसासमोर आपल्या पोरीला उघडं पाडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असणार. पुष्कळ वर्षं मी हे सगळं त्यांच्या खात्यावर टाकत आले. त्या दिवाळीला तसं बोलल्या नसत्या तर, त्या लवकर आल्या नसत्या तर. आता नाही टाकत. त्या साडी खोचून दोरीला लागल्या. पाय मी आपटला होता.

रात्री आईने गुळपोळी तापवून माझ्यासमोर ठेवली आणि पाठमोरी होऊन भांडी घासता घासता विचारलं, "क्लिप खरंच निघाली का गं?" मी हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली. मग नळ बंद करून, "झालं ते झालं. कुठे बोलत बसू नकोस." मला तिने रागवायला हवं होतं. दोन कानाखाली वाजवायला हव्या होत्या. पोळी मात्र मी सगळी खाल्ली, हेही लिहून ठेवते.

मिस्टर नोवाक दवाखान्यातून तीन-चार दिवसांनी घरी आले. कंबर परत दुखावली होती आणि छातीत कफ झाला होता. मी लीश परत द्यायला गेले. ते सोफ्यावर, मॉली त्यांच्या पायावर. मला बघताच ती उठून आली आणि बुटाला टेकून बसली. मी तिला हाकललं होतं ते तिच्या लेखी संपलं होतं. मिस्टर नोवाकांनी चष्मा लावला आणि लीशची क्लिप दिव्याखाली धरली. अंगठ्याने दाबली, सोडली. दाबली, सोडली. क्लिप धडधाकट होती. मला माहीत होतं, आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला तर दिसायलाच हवं होतं. पण मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातच आलं नाही, म्हणून त्यांनी दोष शोधला आणि तो त्यांना सापडला. "स्प्रिंग ढिली झालीय," ते म्हणाले. "हे बघ, इथे. मला ऑक्टोबरातच बदलायची होती. आणि वर शिटी वाजवली मी. त्या पाइपवरून मीच तिला बोलावलं." मग मला म्हणाले, "आय ॲम सॉरी. लहान मुलीच्या हातात मी असली लीश दिली." संध्याकाळी बाबांना फोन करून त्यांचीही माफी मागितली. बाबा फोन ठेवून म्हणाले, "केवढा मोठा माणूस आहे बघा." आई उठून स्वयंपाकघरात गेली.

आता मी दक्षिणेकडच्या कॅरी गावात राहते. इथे थंडी आहे, पण तळी माणूस चालेल एवढी गोठत नाहीत. घर घेताना मी शाळा, रस्ते, नोकरी अशी दहा कारणं सांगितली, खरं हे होतं. मुलीने लहानपणी कुत्र्यासाठी किती हट्ट केला. मी ॲलर्जीचं कारण पुढे केलं. तेही खोटंच.

त्या वर्षी मार्चमध्ये बर्फ वितळला आणि मिस्टर नोवाकांचा मुलगा आयोवातून पिकअप ट्रक घेऊन आला. मॉलीला घेऊन जायचं ठरत होतं. तो म्हणत होता तिकडे मोकळं शेत आहे, आसपास तळं नाही. मिस्टर नोवाकांचं नक्की होत नव्हतं. मुलगा आत सामान बांधत असताना त्यांनी मला गराजमध्ये बोलावलं. शेल्फवर त्यांनी नवी लीश आणून ठेवली होती, दुहेरी क्लिपची, अजून कागदात गुंडाळलेली. मॉली आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. ते म्हणाले, "तुला एक विचारायचंय. मुलगा खरं सांगणार नाही, त्याला मला दुखवायचं नाहीये. तू रोज तिच्याबरोबर होतीस. माझ्याकडे बघून सांग. मला अजून कुत्रं सांभाळता येईल, की मी आता धोक्याचा झालोय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना 'येईल' हे ऐकायचं होतं, हे मला पंधराव्या वर्षीही स्वच्छ कळत होतं. चार शब्द पुरे होते. क्लिप मी काढली होती. एवढं म्हटलं असतं तर ते रागावले असते, बाबांना कळलं असतं, मंडळात कळलं असतं, आणि मॉली त्यांच्या पायावर झोपली असती. मी मॉलीकडे बघितलं. ती गेली की रोज हे तोंड बघायला लागणार नाही, सगळं संपेल, असं माझ्या मनात आलं. अगदी असंच आलं, मी त्यात काही कमी-जास्त करत नाही.

"शी विल बी सेफर देअर, मिस्टर नोवाक," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग आपला तो केवढाला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "थँक यू. इतकं खरं माझ्याशी दुसरं कोणी बोललं नसतं."

मी यू आर वेलकम म्हटलं.